तिनानं गुण, चारानं भाग

आमच्या घरात चमचे कधी टिकले नाहीत. ताटं टिकली, वाट्या टिकल्या, आईच्या लग्नातलं पातेलं तळाला डाग लावून लावून अजून आहे. चमचे मात्र एकेक करून वेसाव्याच्या समुद्रात गेले.

गेल्या महिन्यात वाकोल्याची खोली रिकामी करायला गेले होते. चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. सामान आधीच घाटकोपरला माझ्या घरी आलं होतं. आई गेल्यावर चार वर्षांपूर्वी माझे वडील, आप्पाही आले. राहिला होता तो फक्त पोटमाळा. शिडी लावून चढले, तर कोपऱ्यात आप्पांचा पत्र्याचा डबा, आणि त्याच्याशेजारी दोरीने बांधलेली जुन्या कॅलेंडरांची जाड गुंडाळी. डब्याचं झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आधी वास आला. मीठ, मशीनचं तेल, आणि त्याच्याखाली कुठेतरी सुकलेला, हट्टी असा माशाचा वास. आत नायलॉनच्या दोरीचं गुंडाळं, दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायच्या पितळेच्या दोन भिंगऱ्या, आणि एक चमचा.

चमचा म्हणजे नुसतं पुढचं तोंड. दांडा कापलेला. दोन्ही टोकांना भोकं पाडलेली. एका भोकात तीन काट्यांचा गळ, दुसऱ्यात कडी. ओढणीने पुसून उलटा केला. पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं: सुमन.

सुमन म्हणजे माझी आई. चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडं बावीस. भांडी घासायला नेली की चमचे हमखास बदलायचे. म्हणून आईने भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून चमच्यांवरसुद्धा नाव घालून घेतलं होतं. तो माणूस हसला होता म्हणे, की चमच्यावर कोण नाव घालतं बाई. आई म्हणाली होती, ज्याचा चमचा जातो तो घालतो. तिला काय माहीत, चोर घरातच आहे.

आप्पा मरोळला एका वर्कशॉपात फिटर होते. चमचा तिथे जायचा, कटरखाली त्याचा दांडा उडायचा, ड्रिलने भोकं पडायची, आणि मग बफिंगच्या चाकावर तो असा चमकायचा की आपलं तोंड त्यात उलटं आणि लांबट दिसायचं. दुकानात मिळणारे चमकत्या पत्र्याचे परदेशी गळ आप्पा काचेबाहेरून बघून यायचे आणि म्हणायचे, “चमचाच हाय की त्यो. फक्त विंग्रजी.”

आई चिडायची. “अवं, पोरीला श्रीखंड कशानं खायला देऊ? बोटानं?”

“दे बोटानं. बोटाला जास्त लागतं.”

आणि त्या चमच्यावर रावस आला की तीच आई, परातीत तो उलटापालटा करत हळूच म्हणायची, “मरायच्या आधी माझं नाव वाचलं असंल ह्यानं.”

आप्पांना समुद्राची ओळख उशिराची. जन्म माण तालुक्यातला. तिथे पाणी म्हणजे हंडाभर, आणि तेही कोणाच्या तरी मेहरबानीचं. मुंबईला आले तेव्हा विसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला. एवढं पाणी फुकट पडलंय, आणि कोणी कोणाला हात लावू नको म्हणत नाही, हे त्यांना कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं म्हणे. हे ते हसत हसत सांगायचे. मला त्यातलं हसू फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा हसू आलं नाही.

वर्कशॉपला शुक्रवारी सुट्टी, आणि माझी शाळा दुपारची. म्हणून शुक्रवारची पहाट आमची. मी सायकलच्या कॅरियरवर, हातात काठी उभी धरलेली, झेंड्यासारखी. वाकोल्यातून निघालो की आधी नाल्याचा वास, मग बेकरीतल्या पहिल्या पावाचा. पार्ल्यात शिरलं की बिस्किट फॅक्टरीचा गोड, भाजका वास. तो इतका दाट असायचा की मी तोंड उघडून तो खायची. मग सबवेतला ओला काळोखा वास. पलीकडे निघालं की जुहूकडचा खारा वारा कानात शिरायचा, आणि मग कितीतरी वेळ नुसता वारा आणि सायकलच्या साखळीची करकर. शेवटी सुक्या बोंबलांचा वास आला की समजायचं, वेसावे आलं. आप्पा विचारायचे, “डोळं मिटून सांग, कुठं आलो?” मी कधी चुकले नाही.

तिथे बांबूंवर बोंबील वाळत असायचे, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले. वारा आला की सगळे एकदम हलायचे, वर्गात बाई आल्यावर मुलं उठतात तसे. होड्यांच्या सावलीत जाळी शिवत बसलेले जनू नाखवा असायचे. काळेभोर, बारीक, डोक्याला लाल रुमाल. आप्पांचे ते गुरू. पण ओळख अपमानानेच झाली होती.

पहिल्या दिवशी आप्पांनी दोन तास चमचा फेकला. जिथे लाट सगळ्यात मोठी फुटत होती तिथे, जोर लावून, अगदी मधोमध. माशाने वासही घेतला नाही. शेवटी होडीच्या आडून आवाज आला.

“अरे ए, काय धरतंस? फेस?”

आप्पा ओशाळले. “मासं धरतोय, नाखवा.”

“मासा थं कशाला येल? पांढरं फुटतंय थं खाली वालू वर आलेली हाय. कालं दिसतंय थं खोल. मासा खोलानं चालतंय. पानी वाच आदी, मंग टाक.”

आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. वर्तमानपत्र बोट ठेवून वाचायचे. पण त्या दिवशी ते समुद्रासमोर कमरेवर हात ठेवून अर्धा तास नुसते उभे राहिले, आणि एकदम मला म्हणाले, “अगं बाय, ही तर गल्ली हाय!”

तेव्हापासून आमच्या भाषेत ती गल्लीच. दोन पांढऱ्या फेसाच्या रेघांमध्ये जो गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो, जिथे लाट फुटत नाही, नुसती कूस बदलते, ती गल्ली. किनाऱ्याला समांतर जाते, आणि कुठेतरी फेसाची भिंत तुटलेली असते, तिथून खोल समुद्राला मिळते. ते गल्लीचं तोंड. आप्पा म्हणायचे, “मासा पन आपल्यासारखाच. मोठ्या रस्त्यावर येत न्हाय. गल्लीगल्लीनं जातो, अन् कोपऱ्यावर उभा ऱ्हातो, कोन काय घेऊन येतंय बगत.” म्हणून चमचा टाकायचा तो कोपऱ्यावर. गल्लीत नाही, गल्लीच्या पलीकडे, फेसावर. आणि मग तिरका ओढत गल्लीतून आणायचा, चुकलेल्या, जखमी मासोळीसारखा, मध्येच थांबत, मध्येच लटपटत. आणि घाई करायची नाही. “पायापत्तुर येऊ दे त्याला,” आप्पा सांगायचे, “रावस शेवटच्या लाटेपत्तुर मागं येतो. मानूस दोरी उचलतो, अन् त्यो परत जातो. दोघंबी उपाशी.”

पावसाळा सरला, पाणी निवळलं, की रावस किनाऱ्याजवळ यायचा. गढूळ पाण्यात चमचा दिसणार कोणाला? दर शुक्रवारी मी पाण्याची बादली बघितल्यासारखी समुद्र बघायची: आज तळ दिसतो का. पहिला रावस मी दहा वर्षांची असताना हातात घेतला. आप्पा म्हणाले, डोळे मीट. माझं बोट धरून त्याच्या गळ्याखाली नेलं. तिथे बारीक दोरे लोंबत होते, ओल्या शेवयांसारखे.

“मोज.”

“चार.”

“दुसऱ्या बाजूला?”

“चार.”

“म्हंजी रावस. अंधारात कोनी फसवलं तरी फसायचं न्हाय.”

हे सगळं कुठे टाकायचं त्याचं झालं. कधी टाकायचं, ते भिंतीवर होतं.

आमच्या खोलीत दरवाजामागे तिथींचं कॅलेंडर लागलं तेव्हा चाळीत थोडी कुजबुज झाली. आम्ही विहारात जाणारी माणसं. आमच्याकडे चतुर्थी-एकादशीचं काय काम? समोरच्या शांतामावशींनी विचारलंच, “काय हो भावोजी, उपास धरता की काय?”

“मी न्हाय धरत,” आप्पा म्हणाले. “समुद्र धरतो.”

नाखव्यांनी सांगितलेला हिशोब असा होता. “तिथी घे. तिनानं गुण, चारानं भाग. जो आकडा येल त्या टायमाला पाय पान्यात पायजेत.” म्हणजे दशमी असली, तर दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. पंचमी असली तर पावणेचार. आप्पा हा हिशोब बोटांवर करायचे आणि ओठ हलायचे. वर्कशॉपात काम करता करता सुद्धा त्यांना माहीत असायचं, आत्ता वेसाव्याला पाणी कुठवर आलं असेल. फक्त पौर्णिमेला जायचं नाही, हा आईचा कायदा. त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती विहारात जायची, आणि आप्पांची काठी कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी असायची. पौर्णिमा शुक्रवारी आली की आप्पा दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालायचे. आई म्हणायची, “आज माशाला सुट्टी. तुमाला बी.”

ज्या दिवशी मासा मिळायचा, त्या तारखेच्या चौकोनात आप्पा पेन्सिलने मासा काढायचे. रावसाला गळ्याखाली चार रेघा. शिंगाळ्याला नुसत्या मिशा. बोयला काही नाही. मला त्या कॅलेंडरचा वास आठवतो: भिंतीचा ओलावा, चुन्याचे पोपडे, आणि आप्पांच्या बोटांचा.

मग मी कॉलेजात गेले.

आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते आणि कोणाला जास्त वाटलं तर वाटू दे. पार्ल्याच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा आप्पांनी वर्कशॉपात पेढे वाटले, आणि मला कॉलेजच्या दारापर्यंत सायकलवरून सोडायला आले. दाराशी थांबले. “आत मी कशाला,” म्हणाले, “तू जा. तुझी गल्ली ही.”

अकरावीत फिजिक्सच्या सरांनी सांगितलं, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही त्याच्यासोबत मागे सरकत जाते. मी बाकावर ताठ झाले. पन्नास? आप्पांच्या हिशोबात तर तिथीला पंचेचाळीसच. मी महिनाभर वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा वहीत उतरवल्या. सुरुवातीच्या तिथींना फरक थोडा, पण दशमी-एकादशीला अर्धा-अर्धा तास चूक. आप्पांचा हिशोब चुकत होता! जनू नाखव्याचाही! आणि बरोबर काय ते मला सापडलं होतं. तिनाने गुणून चाराने भागायचं नाही. चाराने गुणायचं, पाचाने भागायचं. दशमी: दहा चोक चाळीस, भागिले पाच, आठ.

त्या संध्याकाळी आप्पा कामावरून आले, चहा तरी पिऊ द्यावा की नाही. मी वही पुढे केली.

“आप्पा, तुमची भरतीची वेळ चुकीची आहे.”

“अं?”

मी समजावून सांगितलं. चंद्र, पृथ्वी, पन्नास मिनिटं. वाटी म्हणजे पृथ्वी, आणि चमचा नव्हता म्हणून बशी म्हणजे चंद्र. कपातला चहा थंड झाला. मग त्यांनी पेन मला दिलं आणि भिंतीकडे बोट केलं.

“लिव्ह तिथं. कॅलेंडरच्या वर. मोठ्ठं.”

मी लिहिलं. तिथी गुणिले चार, भागिले पाच. निळ्या शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा ते दाखवायचे. “आमच्या बायनं काढलंय. कॉलेजात शिकवत्यात त्यांना, चंद्राचं.” जनू नाखव्यांनाही सांगितलं. नाखवे म्हणाले म्हणे, “बरं बरं.” एवढंच.

त्याच सुमारास माझं समुद्रावर जाणं सुटलं. कसं सुटलं, एक कारण सांगता यायचं नाही. परीक्षा, ट्यूशन, बी.एस्सी., विमा कंपनीतली नोकरी, लग्न, घाटकोपर. सुट्टीच्या दिवशी वाकोल्याला गेले की आप्पांना विचारायची, “मिळतो का हो मासा?” ते मान हलवायचे. “कमी झालाय आता. पानी घान झालंय. प्लॅस्टिक लई.” आणि मीही मान हलवायची. घाण झालंच होतं की पाणी. त्यात खोटं काय?

पोटमाळ्यावरची गुंडाळी मी घरी आणून हॉलच्या लादीवर पसरली, ती नुसती बघायला म्हणून. मुलगी हॉस्टेलला, नवरा कामावर, आप्पा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. वर्षामागून वर्षं उलगडली. कडा पिवळ्या, मध्ये वाळवीने केलेल्या वाटा. आणि चौकोनाचौकोनांत मासे. हे बाई माझं दहावं वर्ष, हा माझा पहिला रावस, याच्या चार रेघा मीच काढल्या होत्या, वाकड्या. महिन्याला तीन मासे, चार मासे. थंडीत एकेका चौकोनात दोन-दोन. पान उलटताना मला साखळीची करकर ऐकू येत होती.

मग एका पानावर मासेच नाहीत. पुढच्यावर एक, तोही बोय. पुढे कोरे चौकोन, कोरे चौकोन. मी वर्ष बघितलं. महिना बघितला. माझ्या अकरावीची दिवाळी.

मी गणितवाली आहे. पाणी घाण व्हायला वर्षं लागतात. एका महिन्यात नाही होत. एका महिन्यात बदललेलं काय होतं, ते मला पाठ होतं. निळ्या शाईतलं.

लादीवर बसल्या बसल्या मला ते उलगडलं. नाखवे भरतीची वेळ सांगतच नव्हते. ‘पाय पान्यात पायजेत’ म्हणत होते. त्यांच्या हिशोबात अर्धा तास कमी होता, कारण तो अर्धा तासच तर हवा होता. पाणी चढत असतं, गल्ल्या भरत असतात, लहान मासळी किनाऱ्याकडे येते आणि रावस तिच्या मागे. टोकाला पाणी थांबतं, आणि मग मासा परत फिरतो. मी आप्पांना अचूक वेळ दिली. सगळं संपायची.

आत गेले. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली थांबेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आता त्यांना उजेड कळतो, आणि माणसाची सावली.

“आप्पा, कॅलेंडरं बघितली.”

“कंची?”

“माशांची.”

रेडिओवर कोणीतरी शेतीभातीचं सांगत होतं. मी तो बारीक केला.

“माझ्या वेळेवर गेल्यावर मासा लागत नव्हता. तुम्हाला कधी कळलं?”

“कळलं व्हतं की. दुसऱ्याच महिन्यात.”

“मग जुन्या वेळेवर का नाही गेलात? मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? तू चूक थोडीच व्हतीस. पेपरात बी तेच यायचं. अन् भिंतीवर लिवलंवतंस तू. आमच्या घरात पयल्यांदा कुनी कायतरी शोधून काढलं व्हतं. त्याच्याखाली उभं ऱ्हाऊन मी जुनाच हिशोब करायचा? माज्या तोंडानं न्हाय झालं ते.”

“इतकी वर्षं?”

“मासं काय, बाजारात बी मिळत्यात.”

मी त्यांचा हात हातात घेतला तर तो बोटांवर बोट ठेवून काहीतरी मोजत होता.

“आज काय तिथी हाय गं?”

“सप्तमी.”

“म्हंजी दशमीला सकाळचं पानी.” मग एकदम, लहान आवाजात, “एकदा नेशील? डोळं गेलं तर जाऊ दे. हात हायेत अजून. रावसाचा ठोका एकदा हाताला लागू दे, बास.”

“नेते. किती वाजता पोचायचं?”

“तू सांग.”

“साडेसात,” मी म्हटलं. “दहा त्रिक तीस.”

दशमीला घाटकोपरहून मेट्रो धरली. एका टोकाला आम्ही राहतो, दुसऱ्या टोकाला वर्सोवा, म्हणजे आमचं वेसावे. पूर्वी सायकलवर घाम काढणारा रस्ता काचेत बसून केव्हा संपतो कळत नाही. आप्पांना खिडकीशी बसवलं होतं, जशी मी कॅरियरवर धरायची तशी काठी त्यांच्या हातात उभी. डब्यात वास कसलाच नाही. त्यांनी दोनदा नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाले, “कुठं आलो कायबी कळत न्हाय.”

रिक्षातून उतरलो आणि वारा आला. सुक्या बोंबलाचा वास, थोडा, पण तोच. आप्पा जागच्या जागी थांबले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “वेसावे.”

नाखव्यांची होडी ओढून ठेवायची ती जागा राहिली नाही. नाखवेही केव्हाच गेले. किनारा अरुंद झालाय, वाळूत पिशव्यांचे तुकडे, मागे उंच इमारती. दोन माणसं धावत गेली कानात वायर घालून. मी आप्पांच्या पायजम्याच्या घड्या गुडघ्यापर्यंत दुमडल्या, चमचा दोरीला बांधला, आणि त्यांचा दंड धरून पाण्यात घेऊन गेले. घड्याळात सात पंचवीस.

“बोल आता,” आप्पा म्हणाले. “काय दिसतंय?”

पंचवीस-तीस वर्षं मी पाणी वाचलं नव्हतं. नुसतं पाणी दिसत होतं, राखाडी, सगळीकडे सारखं. आणि हे जमलं नाही तर पुन्हा कधी, हेही माहीत होतं.

“घाई करू नको. फेस बग. न्हाई कुठं?”

मी बघत राहिले. एक लाट गेली, दुसरी गेली. तिसऱ्या लाटेला समोर पांढरी रेघ उठली, पुढे गेली आणि मध्येच तुटली. तिथे पाणी काळपट, गुळगुळीत, कूस बदलल्यासारखं.

“आहे आप्पा. गल्ली आहे! आपल्या उजव्या हाताला, थोडी तिरकी. आणि तोंड... तोंड त्या खडकाच्या अलीकडे.”

“किती लांब?”

“चाळीच्या ह्या टोकापासून नळापर्यंत. थोडं जास्त.”

ते हसले. “मागं कोन उभं न्हाय ना?”

“कोणी नाही.”

काठी मागे गेली, आणि तो आवाज झाला. दोरी हवेतून जाताना होतो तो, रेशमी कापड फाडल्यासारखा. तो मी विसरले होते, हे मला तेव्हा कळलं. चमचा उन्हात एकदा चमकला आणि फेसात पडला.

“डावीकडे पडला.”

“बरं.”

दुसरा जवळ पडला. तिसरा बरोबर कोपऱ्यावर. आप्पा ओढत होते, थांबत होते, डोकं कलतं करून, जणू दोरीतून कोणी हळू आवाजात बोलतंय. मी मनात म्हणत होते, पायापर्यंत, पायापर्यंत येऊ दे. गल्ली संपली. आता चमचा मला दिसायला लागला होता, लाटेच्या पोटात लटपटत येणारा. गेलं, म्हटलं.

काठी खाली वाकली.

काठीवरचं रीळ किर्रर्र ओरडलं. आप्पांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या, आणि चेहरा मात्र असा निवांत झाला की मी पाण्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. लाटेने शेवटी त्याला आणून आमच्या पायांत टाकलं. चंदेरी, वीतभर.

मी तो ओल्या हाताने धरून त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा गळ्याखाली गेला.

“चार,” ते म्हणाले. उलटा केला. “अन् चार.” मग सगळ्या अंगावरून बोट फिरवलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. “लहान हाय गं.”

“वीतभर.”

“सोड त्याला. कॉलेजला जायचंय त्याला अजून.”

मी गळ काढला. आप्पांनीच वाकून तो पाण्यात धरला, कल्ल्यांची उघडझाप करत तो सावध होईपर्यंत, आणि मग हात उघडला.

नंतर अजून चार-पाच वेळा टाकला चमचा. काही लागलं नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही. मग आम्ही ओल्या वाळूवर उभे राहिलो, घोट्यापर्यंत पाण्यात. लाटा येत होत्या, पण पुढे सरकत नव्हत्या. माझ्या चपला मी जिथे ठेवल्या होत्या, त्याच्या हातभर अलीकडे येऊन पाणी परत जात होतं. पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच. एक पिशवीचा तुकडा तरंगत जागच्या जागी फिरत राहिला.

आप्पांच्या पायांना ते माझ्याआधी कळलं.

“थांबलं का?”

“थांबलं.”

“किती वाजलं?”

मी घड्याळ बघितलं. “आठला दोन मिनिटं कमी.”

ते समुद्राकडे तोंड करून, अधू डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजत राहिले. ओठ हलत होते. दहा चोक चाळीस. भागिले पाच. पाणी एकदा हललं, आणि अगदी हळूच, घोट्यावरून, परत निघालं.

“बरोबर काढलंवतंस तू,” आप्पा म्हणाले.